चंद्रावरील वस्ती आणि वाहन: नववीच्या मुलांनी आराखड्याची सुरुवात कोठून करावी?

मृगशीर्ष

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीतील काही मुलामुलींनी यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चंद्रावर चार माणसांना राहता येईल असा तळ आणि त्या तळावरून फिरण्याचे वाहन हा विषय स्वतःहून निवडला आहे. विषय त्यांचा, उत्साहही त्यांचाच. म्हणूनच तो थर्माकोलचे घुमट रंगवून आणि त्यावर दिवे लावून संपू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यांचा पहिला आराखडा आता माझ्यासमोर आहे. एका ओळीत चार चौकोनी खोल्या, वर सपाट छत, पृथ्वी दिसावी म्हणून एका बाजूला भिंतभर काच, छतावर आडवे ठेवलेले सौर पॅनेल आणि दाराशी जाड रबरी टायरची गाडी, असे त्याचे स्वरूप आहे. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, हवा अजिबात नाही, रात्र सुमारे चौदा दिवसांची, ही माहिती मुलांना तोंडपाठ आहे. परंतु त्या माहितीमुळे भिंत का बदलते आणि चाक का बदलते, हे आराखड्यात कोठेच उतरलेले नाही.

मी नेमकी सुरुवात कशापासून करून द्यावी? तळ आणि वाहन हे दोन गटांकडे वेगवेगळे सोपवावे की सर्वांनी मिळून एकच आराखडा करावा? आणि शाळेत फारसा खर्च न करता करून पाहता येतील अशा चाचण्या कोणत्या? आमच्याकडे साधी प्रयोगशाळा, मोकळे पटांगण आणि दोन मजली इमारत एवढे नक्की आहे.

दाबपात्र

मॅडम, नमस्कार. रासायनिक कारखान्यांना लागणाऱ्या प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे आतला दाब सोसणाऱ्या बंद पात्रांच्या, आरेखनात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे माझे उत्तर ठाम आहे: सुरुवात हवेच्या दाबापासून करावी. चंद्रावरचे घर म्हटले की मुले, आणि पुष्कळदा मोठी माणसेही, छत खाली कोसळेल या काळजीने खांब आणि तुळया काढू लागतात. तेथे प्रश्न नेमका उलटा असतो. बाहेर निर्वात पोकळी आणि आत माणसांना श्वास घेण्याजोगी हवा असल्यामुळे छत वर उडू पाहते आणि भिंती बाहेर फुटू पाहतात.

मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्या. आत पृथ्वीवरच्याइतका, म्हणजे एक वातावरण दाब ठेवला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा जोर बाहेरच्या दिशेने येतो. चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोलीच्या छतावर तो जोर सुमारे १६५ टन होतो. आता किरणोत्सारापासून बचाव म्हणून त्याच छतावर चंद्राच्या मातीचा ३ मीटर जाडीचा थर टाकला, असे धरा. त्या मातीचे वस्तुमान ८० टनांच्या आसपास भरेल, पण चंद्रावर तिचा भार पृथ्वीवरच्या साडेतेरा टनांएवढाच जाणवेल. खाली दाबणारे साडेतेरा आणि वर ढकलणारे १६५, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की चौकोनी खोल्या मुले स्वतःच पुसून टाकतील.

आकाराचा फरक किती पडतो, तेही पाहण्यासारखे आहे. एकाच धातूवर १०० मेगापास्कल एवढाच ताण येऊ द्यायचा असे ठरवले, तर २ मीटर त्रिज्येच्या नळकांड्याला या दाबासाठी साधारण २ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. चार मीटरच्या चौरस सपाट भिंतीला मात्र, तिच्या चारही कडा पक्क्या धरूनसुद्धा, सुमारे ७० मिलिमीटर जाडी लागते. गोल भिंतीत पत्रा नुसता ताणला जातो, सपाट भिंतीत तो वाकतो, आणि वाकणे धातूला फार महाग पडते. घरातला गॅस सिलिंडर मुलांसमोर ठेवून त्याला एकही सपाट बाजू का नाही, एवढे विचारले तरी चर्चा सुरू होईल. प्रत्यक्षात उल्कांचे बारीक कण, तापमानातील चढउतार आणि दारा-खिडक्यांची भोके यांमुळे २ मिलिमीटरवर कोणी थांबणार नाही. परंतु आकार गोलसर का असावा, हे या दोन जाड्यांतून स्पष्ट होते. नळकांड्याची टोकेही सपाट झाकणाने बंद करू नयेत. आमच्या धंद्यात ज्याला डिश एंड म्हणतात तसा फुगीर तळ द्यावा.

भिंतभर काचेचा आग्रह मुलांनी सोडावा. अर्धा मीटर चौरस खिडकीवरसुद्धा अडीच टनांचा जोर येतो. खिडकी हवी असेल तर ती लहान आणि गोल असावी.

चाचणीसाठी तुमची दोन मजली इमारत फार उपयोगी आहे. पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ एक वातावरण दाब देतो. तेलाचा रिकामा चौकोनी पत्र्याचा डबा आणि थंड पेयाची गोल प्लॅस्टिकची बाटली घ्या, दोन्हींच्या तोंडाला पारदर्शक नळी घट्ट बसवा, आतली हवा पूर्ण काढून पाणी भरा आणि नळीचे दुसरे टोक जिन्यावरून हळूहळू वर न्या. डब्याच्या बाजू थोड्या उंचीवरच फुगू लागतील आणि पुढे सांधा फाटेल, तर बाटलीवर कसलाही परिणाम दिसणार नाही. प्रत्येक मीटरला डब्याच्या बाजूचा फुगवटा पट्टीने मोजून आलेख काढता येईल. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: ही चाचणी हवा भरून कधीही घेऊ नका. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते आणि भांडे फुटले तर तुकडे उडतात; पाण्याच्या बाबतीत गळती होते आणि दाब तिथेच संपतो. कारखान्यात आम्ही हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, घेतो, त्याचेही हेच कारण आहे. तरीही मुलांनी चार हात लांब उभे राहावे.

चाक_आणि_आरी

ताई, मी अभियांत्रिकीला असताना मानवी बळावर चालणारी चांद्रगाडी बनवणाऱ्या विद्यार्थी गटात होतो, म्हणून वाहनाबद्दल लिहितो.

नासाची या विषयावरची विद्यार्थी स्पर्धा १९९४ पासून अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे होत आली आहे. आधी तिचे नाव ग्रेट मूनबग्गी रेस असे होते, २०१४ पासून ती ह्यूमन एक्सप्लोरेशन रोव्हर चॅलेंज म्हणून ओळखली जाते, आणि भारतातील संघही तिच्यात भाग घेत आले आहेत. तिच्या नियमांमधील दोन अटी तुमच्या मुलांनी जशाच्या तशा स्वीकाराव्यात, असे मी सुचवेन. पहिली अट अशी की गाडी घडी करून पाच फूट लांबी, रुंदी आणि उंचीच्या खोक्यात मावली पाहिजे. दुसरी अशी की चाकांत हवा भरलेली चालणार नाही. या दोन अटी घातल्या की दुकानातून आणलेली खेळण्यातली चाके आपोआप बाद होतात आणि खरे आरेखन सुरू होते.

अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांत, म्हणजे १९७१ आणि १९७२ साली, चंद्रावर चाललेल्या गाडीचा अभ्यास मुलांनी बारकाईने करावा. तिचे पृथ्वीवरचे वजन २१० किलो होते आणि ती त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ४९० किलो, भार वाहत असे. उतरणाऱ्या यानाच्या एका बाजूला ती घडी करून बसवलेली होती. तिची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या विणलेल्या जाळीची होती आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावर टायटॅनियमच्या पट्ट्या तिरप्या बसवलेल्या होत्या. प्रत्येक चाकाला पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर होती. ती जाळी दगडावर दबते, मऊ मातीत पसरून भार वाटून घेते आणि पंक्चर तर होऊच शकत नाही. सायकलच्या जुन्या तारा किंवा बारीक स्टीलची जाळी वापरून असे चाक शाळेत करता येईल.

मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज बहुधा असा असेल की गुरुत्वाकर्षण कमी आहे म्हणजे गाडी चालवणे सोपे. भार कमी होतो, पण वस्तुमान तेवढेच राहते. वेगात असलेल्या गाडीला थांबवायचे तर चाकांची जमिनीवरची पकड लागते आणि ती पकड भारावर अवलंबून असते. घर्षणांक ०.५ धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पृथ्वीवर ब्रेक लावल्यावर ८० सेंटिमीटरच्या आत थांबते. चंद्रावर तिला जवळजवळ ५ मीटर लागतात. वळणावरही हाच प्रकार होतो आणि उंच, अरुंद गाडी सहज कलंडते. म्हणून गाडी बुटकी आणि रुंद असावी, जड सामान खाली असावे आणि वेगाचा मोह नसावा. चांद्रयान-३ मधील आपला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा होता आणि सेकंदाला एक सेंटिमीटर एवढ्या वेगाने चालत असे. पुढे चार मीटर व्यासाचा खड्डा असल्याचे तीन मीटर अंतरावरून लक्षात आले, तेव्हा त्याला मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेता आले.

तळ आणि वाहन यांचे आराखडे अजिबात वेगळे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अपोलोच्या वेळी गाडी वाटेत बंद पडली तर अंतराळवीरांना पोशाखातल्या उरलेल्या हवेवर चालत यानापर्यंत परत येता आले पाहिजे, एवढ्याच अंतरापर्यंत जाण्याची परवानगी होती. अपोलो १७ चे अंतराळवीर यानापासून जास्तीत जास्त साडेसात किलोमीटरच्या आसपास गेले. म्हणजे गाडीचा पल्ला तिच्या बॅटरीवर ठरत नव्हता, माणसाच्या पायांवर आणि प्राणवायूवर ठरत होता. तळापासून पाण्याचा बर्फ, सौर पॅनेल आणि उतरण्याची जागा किती लांब ठेवायची, हे ठरवताना मुलांना हीच मर्यादा घालावी.

काळा_कातळ

मृगशीर्ष ताई, वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून मातीपुरते लिहितो, कारण प्रदर्शनात चंद्राची जमीन म्हणून नदीची वाळू पसरलेली मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते.

नदीची वाळू वाहून वाहून गोल झालेली असते. चंद्रावर पाणी वाहत नाही, वारा नाही, त्यामुळे अब्जावधी वर्षांच्या उल्कापातांनी फुटलेल्या कणांच्या कडा तशाच धारदार राहिल्या आहेत. शिवाय तेथील माती फार बारीक आहे. वजनाने जवळपास निम्मे कण मिलिमीटरच्या चौदाव्या भागाहून लहान असतात. आपल्याकडे याला जवळची वस्तू हाताशी आहे, ती म्हणजे खडी क्रशरवरची कच. महाराष्ट्रातील बहुतेक क्रशरवर दख्खनचा बेसॉल्ट फोडला जातो आणि चंद्रावरचे काळे डाग, म्हणजे तेथील मैदाने, हीही बेसॉल्टचीच आहेत. कच उन्हात पूर्ण कोरडी करून बारीक चाळणीतून चाळून घ्या. स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात ७५ मायक्रॉनची चाळणी असते, ती तासाभरासाठी नक्की मिळेल. चाळताना मुलांना मास्क आणि चष्मा दिल्याशिवाय हात लावू देऊ नका. ही भुकटी फुप्फुसांत जाणे चांगले नाही.

एक भेद मुलांना सांगून ठेवावा. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडचा प्रदेश बेसॉल्टचा नाही. चांद्रयान-३ जेथे उतरले तेथील मातीचे प्रज्ञानवरील उपकरणाने केलेले मोजमाप अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट रंगाच्या खडकाशी जुळले. इस्रोने चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथील याच जातीचा खडक दळून कृत्रिम माती बनवली होती. चाकाच्या चाचणीपुरते पाहिले तर खनिजापेक्षा कणांचा आकार आणि धार महत्त्वाची असल्यामुळे आपली कच चालेल. मातीतून प्राणवायू काढण्याबद्दल मुले काही मांडणार असतील तर मात्र हा भेद विसरून चालणार नाही.

चाचणी अशी करा. लांबट ट्रेमध्ये कच पसरा, दर वेळी पट्टीने सारखी करा आणि चाक तिच्यावरून ओढून किती रुतते ते मोजा. गाडीचा भार चंद्रावरच्यासारखा करायचा म्हणून तो एक षष्ठांशावर आणता येईल, परंतु मातीच्या कणांवर पृथ्वीचेच गुरुत्वाकर्षण राहते आणि त्यामुळे माती प्रत्यक्षापेक्षा घट्ट वागते. म्हणजे ट्रेमधले निकाल नेहमी थोडे आशादायक येणार, हे अहवालात लिहायला सांगा. परीक्षकांना अशी नोंद दिसली की काम समजून केल्याचे कळते.

जमल्यास सहल लोणारला न्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसॉल्टमध्ये झालेल्या आघाताचे जगातील अत्यंत दुर्मिळ आणि उत्तम टिकलेले उदाहरण आहे, आणि म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तेथील दगडांकडे इतक्या लक्षपूर्वक पाहतात. काठावर उभे राहून खाली पाहिले की अशा उतारावरून गाडी न्यायची म्हणजे काय, ते मुलांना कोणी सांगावे लागत नाही. दगड मात्र उचलून आणू नयेत.

धुळीबद्दल शेवटचे. अपोलो १७ च्या गाडीच्या चाकावरचा धूळरोधक पत्रा तुटला, तेव्हा धुळीचा फवारा अंतराळवीरांच्या अंगावर येऊ लागला आणि त्यांना नकाशांचे कागद चिकटपट्टीने जोडून तात्पुरता पत्रा बसवावा लागला. ही धूळ पोशाखाला चिकटून यानात आली, तेव्हा त्यांच्यापैकी हॅरिसन श्मिट यांना शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास झाला. तळाचे प्रवेशद्वार काढताना पोशाख आत न आणण्याचा मार्ग मुलांनी शोधावा. पोशाख बाहेरच्या भिंतीला टांगलेले ठेवून माणसाने आतून, पोशाखाच्या पाठीच्या दारातून त्यात शिरायचे, अशी एक कल्पना नासाने करून पाहिली आहे.

मृगशीर्ष

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. आज मुलांसमोर १६५ आणि साडेतेरा हे दोन आकडे लिहिले. वर्ग काही क्षण शांत होता, मग एका मुलीने उठून विचारले की असे असेल तर घर जमिनीत पुरून वर माती टाकण्याचा उपयोगच काय? तिला मी किरणोत्साराचे कारण सांगितले, पण ते आकड्यांत कसे मांडावे? दुसरी अडचण रात्रीची आहे. मुलांनी सौर पॅनेलच्या जोडीला बॅटऱ्या असे एवढेच लिहून रात्र निकालात काढली आहे.

दीर्घरात्र

मॅडम, त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. प्रश्न अगदी योग्य आहे. मातीचा थर घराला आधार देण्यासाठी नसतो, तो किरणोत्सार आणि तापमान यांसाठी असतो. चीनच्या चांग-ई ४ यानाने चंद्राच्या पृष्ठभागावर मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे १,३६९ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे जवळपास १.४ मिलिसिव्हर्ट, होती (सिव्हर्ट हे शरीरावर होणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक). आपल्याकडे किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. मुलांनी भागाकार केला की ती मर्यादा चंद्रावर उघड्यावर सुमारे पंधरा दिवसांतच गाठली जाते, हे त्यांना दिसेल.

तापमानाचा पुरावा तर आपल्याच मोहिमेने दिला आहे. चांद्रयान-३ च्या विक्रम या लँडरवरील चास्टे या उपकरणाने मातीत खुपसलेल्या तापमापकांनी पृष्ठभागावर सुमारे ५० अंश सेल्सिअस आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर उणे १० अंश नोंदवले. एवढ्या थोड्या जाडीत साठ अंशांचा फरक पडतो, याचा अर्थ ही माती उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही.

रात्रीचे गणित कठोर आहे. चार माणसांच्या तळाला सरासरी ५ किलोवॅट वीज लागते असे समजा. रात्र सुमारे ३५४ तासांची धरली तर १,७७० युनिट साठवावे लागतील. किलोमागे २०० वॉट-तास साठवणारी बॅटरी घेतली तरी तिचे वजन जवळपास ९ टन होईल, आणि ही सगळी ओझी रॉकेटने न्यायची आहेत. विक्रम आणि प्रज्ञान यांची रचना मुळातच एका चांद्रदिवसासाठी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना निद्रावस्थेत नेले आणि त्या रात्रीनंतर ते जागे झाले नाहीत, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

यातून मुलांना जागेच्या निवडीकडे वळवता येईल. दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराच्या काठावर काही उंचवटे असे आहेत की तेथे वर्षातील बहुतेक काळ सूर्यप्रकाश असतो आणि अंधार सलग चौदा दिवस टिकत नाही. मात्र चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे तेथे सूर्य क्षितिजाला लागूनच फिरतो. म्हणजे छतावर आडवे ठेवलेले पॅनेल तेथे कुचकामी ठरतात. ते उंच खांबावर उभे लावून सूर्याबरोबर फिरवावे लागतात. जागा बदलली की पॅनेल बदलतात, सावल्या लांबच लांब पडत असल्यामुळे गाडीला दिवसाही दिवे लागतात, आणि बर्फ कायम अंधाऱ्या खड्ड्यांत असल्यामुळे गाडीला उणे २०० अंशांच्या खाली उतरावे लागते. मुलांनी पहिल्या पानावर जागेचे अक्षांश लिहावेत आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहावा.

प्राणवायूचाही हिशेब करून घ्या. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे चौघांना चौदा-पंधरा दिवसांच्या रात्रीसाठी ५० किलो. बॅटरीच्या ९ टनांपुढे हा आकडा किती लहान आहे, ते पाहिले की जीव कशावर टांगलेला आहे, हे कळते.

दाबपात्र

मॅडम, दाब एक वातावरणच हवा असे नाही, ही भर घालतो. नासाने पुढील मोहिमांसाठी विचारात घेतलेला एक पर्याय सुमारे ५६ किलोपास्कल दाब आणि ३४ टक्के प्राणवायू असा आहे. दाब कमी केल्याने भिंतीवरचा ताण जवळपास निम्मा होतो आणि पोशाख घालून बाहेर पडण्यापूर्वीची तयारीही लवकर होते. मात्र प्राणवायूचे प्रमाण वाढल्याने आगीचा धोका वाढतो. कोणता दाब घ्यायचा, यावर मुलांनी वाद घालून निर्णय करावा. तुमच्या नळीच्या प्रयोगात हा दाब सुमारे पावणेसहा मीटर उंचीवर मिळेल, म्हणजे एवढ्यासाठी गच्चीवर जाण्याचीही गरज नाही.

दारांचे सांगायचे राहिले. तळाचे दार आतल्या बाजूला उघडणारे आणि चौकटीपेक्षा मोठे असावे, म्हणजे आतली हवाच त्याला चौकटीवर दाबून धरील. गाडीला हवाबंद केबिन देणार असाल, तर तिचे दार आणि तळाचे दार एकाच मापाचे, गोल आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर असले पाहिजे. गाडी मातीत दोन बोटे रुतली तरी दोन्ही फ्लँज, म्हणजे दारांच्या जोडायच्या कडा, जुळतील, अशी सोय कोणी करायची, हे तळाच्या आणि गाडीच्या गटांनी एकत्र बसून ठरवावे. त्या सांध्याचे रेखाचित्र झाले की येथे टाका, मी पाहून देईन.